माहीत नाही म्हणजे नाही, असे कोणी सांगितले?

पेपर तपासून झाले आहेत. वह्या मिटा आणि नीट ऐका. गुण मी आज वाचणार नाही. गुण कळले की तुम्ही ऐकायचे थांबता. मला बोलायचे आहे ते तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

प्रश्न असा होता. बंड्याला आपले वडील माहीत आहेत. शिमग्यात दारात नाचणारा, काळ्या कापडाने तोंड झाकलेला संकासुर कोण, हे बंड्याला माहीत नाही. म्हणून तो संकासुर म्हणजे बंड्याचे वडील नव्हेत. हा युक्तिवाद वैध की अवैध, ते कारणासह लिहा. निम्म्याहून अधिक जणांनी 'वैध' असे लिहिले आहे. कारण काय दिलेत? 'दुसरी आकृती, कॅमेस्ट्रेस.' मध्यपदाखाली दोन रेघा, शेजारी तीन वर्तुळे, वर्तुळांत नेटक्या तिरप्या रेषा. हात चालला, डोके चालले नाही.

कोकणातली मुलेही आहेत या वर्गात. त्यांनी तरी थांबायला हवे होते. संकासुराच्या वेशात गावातलाच कोणीतरी असतो, कोणाचा बाप, कोणाचा काका, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. घुंगरांच्या आवाजाला घाबरून पोर आईच्या मागे दडते, आणि ज्याला घाबरले तो त्याचा बापच असतो. म्हणजे दोन्ही आधारविधाने खरी आणि निष्कर्ष खोटा, असे घडू शकते. आता आपापल्या पेपरचे पहिले पान काढा. आधारविधाने खरी असताना निष्कर्ष खोटा असूच शकत नाही तो युक्तिवाद वैध, अशी व्याख्या तुम्हीच तिथे लिहिली आहे, आणि शब्दाचाही फरक नाही. पहिल्या पानावर व्याख्या लिहिली आणि तिसऱ्या पानावर ती पायदळी तुडवली. दोन पाने ओलांडताना काय झाले, ते मला समजून घ्यायचे आहे, आणि तुम्हालाही समजून घ्यावे लागेल.

हे कोडे जुने आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या मिलेटसच्या युब्युलिडिसच्या नावावर ते सांगितले जाते. तो ॲरिस्टॉटलचा समकालीन. त्याच्या कोड्यात बुरखा घेतलेला माणूस आहे. त्याचेच दुसरे रूप इलेक्ट्राचे: ओरेस्टिस आपला भाऊ आहे हे तिला ठाऊक आहे, पण समोर उभा असलेला माणूस आपला भाऊ आहे हे तिला ठाऊक नाही, आणि समोर ओरेस्टिसच उभा आहे. सव्वादोन हजार वर्षांहून अधिक काळ शहाणी माणसे या कोड्यापाशी थांबून विचार करत आली. तुम्ही मात्र थांबला नाहीत.

आता चूक कुठे आहे ते पाहू. 'माहीत' हा शब्द काढून त्या जागी उंची घाला. बंड्याचे वडील सहा फूट उंच आहेत. संकासुर सहा फूट उंच नाही. म्हणून संकासुर बंड्याचे वडील नव्हेत. इथे कोणाची हरकत आहे? कोणाची नाही, आणि नसावी. उंची माणसाच्या अंगची असते. त्याने काळे कापड पांघरले, नाव बदलले, दाढी लावली, तरी ती त्याच्याबरोबर जाते. पण 'बंड्याला माहीत असणे' वडिलांच्या अंगी कुठे असते? दाखवा मला. ते बंड्याच्या मनात असते, आणि तेही वडिलांना तो कोणत्या रूपाने ओळखतो त्याच्याशी बांधलेले. घरात जेवायला बसणारे, हाक मारणारे वडील, या रूपाने तो त्यांना ओळखतो. काळ्या कापडातल्या रूपाने ओळखत नाही. माणूस एकच, ओळखीच्या वाटा दोन. तुम्ही 'माहीत असलेला' हे पद दोन्ही विधानांत एकाच अर्थाने बसवलेत आणि मध्यपद मिळाले म्हणून आनंदाने पुढे गेलात. मध्यपद मिळालेलेच नव्हते.

गोटलोब फ्रेगे या जर्मन गणितज्ञाने 1892 साली हीच गाठ सोडवायला घेतली. पहाटे दिसणारा तारा आणि सायंकाळी दिसणारा तारा एकच आहेत, दोन्ही म्हणजे शुक्र. पण सायंतारा माहीत असलेल्या माणसाला तोच पहाटतारा आहे हे माहीत असेलच असे नाही. ते निरीक्षणाने शोधावे लागले. फ्रेगेने दाखवले की 'अमक्याला माहीत आहे की' या शब्दांच्या पुढे एका नावाच्या जागी त्याच वस्तूचे दुसरे नाव बिनधास्त घालता येत नाही. इतर वाक्यांत ते चालते, इथे नाही. ज्ञानाबद्दल अनुमान करताना हा नियम विसरून चालत नाही. मी तो फळ्यावर लिहिला होता, तुम्ही तो वहीत उतरवून घेतला, आणि पेपर लिहिताना निम्म्याहून अधिक जणांना त्याची आठवण झाली नाही.

ही पहिली चूक. दुसरी चूक याहून वाईट आहे, कारण ती तुम्ही वर्गाबाहेरही करता.

चौथ्या प्रश्नात मी विचारले होते: 'प आहे हे मला माहीत नाही' यावरून 'प नाही हे मला माहीत आहे' असे म्हणता येते का? अनेकांनी लिहिले, येते. दोन्हींचा अर्थ एकच. अरे, नकार कुठे बसला आहे ते बघा. पहिल्या वाक्यात तो तुमच्या ज्ञानावर बसला आहे, दुसऱ्यात जगावर. विहिरीत किती पाणी आहे हे मला माहीत नाही, म्हणून विहीर कोरडी आहे असे जो म्हणेल त्याला गावातले अडाणी पोरही हसेल. पण गोष्ट पाण्याची नसून एखाद्या माणसाच्या चारित्र्याची, औषधाच्या गुणाची किंवा इतिहासातल्या एखाद्या घटनेची असली, की तुम्ही तीच उडी छातीठोकपणे मारता. अमक्याने चूक केल्याचे मला माहीत नाही, म्हणून त्याने केली नाही. अमके औषध अपाय करते असे मी ऐकले नाही, म्हणून ते निर्धोक आहे. मोबाइलवर आलेला मजकूर खोटा असल्याचे कोणी दाखवले नाही, म्हणून तो खरा आहे. आपले अज्ञान तुम्ही जगाचा गुणधर्म करून टाकता. मग त्या गुणधर्मावर मतप्रदर्शन करता, भांडता, नाती तोडता. मला राग येतो तो याचा. सिलॉजिझमच्या, म्हणजे दोन आधारविधाने आणि एक निष्कर्ष अशा युक्तिवादाच्या, पेपरात नापास झालात तर फेरपरीक्षा आहे. या सवयीला फेरपरीक्षा नाही.

फिनलंडचे याक्को हिंतिक्का यांनी 1962 साली ज्ञान आणि विश्वास यांचे तर्कशास्त्र एका पुस्तकात बांधून काढले. 'अमक्याला माहीत आहे की' याला त्यांनी चिन्ह दिले, आणि मग हे नकाराचे स्थान चिन्हांत उघडे पडले: नकार चिन्हाच्या आधी की नंतर, एवढ्यावर सगळा अर्थ पालटतो. शब्दांत लपणारी चूक चिन्हांत लपत नाही. म्हणून मी तुम्हाला चिन्हे शिकवते. तुमच्यातले काही जण मला विचारतात, "मॅडम, याचा उपयोग काय?" उपयोग हा.

हिंतिक्कांच्या मांडणीत एक नियम आहे. 'प' वरून 'फ' निघते आणि 'प' माहीत आहे, तर 'फ' माहीत असलेच पाहिजे. कागदावर हे बिनतोड दिसते. पण हा नियम पाळणाऱ्या माणसाला आपल्या ज्ञानातून निघणारे सगळे निष्कर्ष, गणितातल्या शेवटच्या प्रमेयापर्यंत, आपोआप माहीत असले पाहिजेत. असा माणूस पृथ्वीवर नाही. या अडचणीवर तर्कशास्त्रात अजून वाद चालू आहे, आणि तो तुमच्यापर्यंत येऊन पोचतो. कारण पहिल्या पानावर व्याख्या लिहिणारे, शिमग्यातला बाप पाहिलेले आणि तरी 'वैध' लिहिणारे तुम्हीच.

ॲरिस्टॉटलने ही अवस्था ओळखली होती. 'प्रायर ॲनॅलिटिक्स'च्या दुसऱ्या भागात त्याचे खेचराचे उदाहरण आहे. खेचर जातीला पिल्लू होत नाही, हे एका माणसाला ठाऊक आहे. समोरची मादी खेचर आहे, हेही त्याला ठाऊक आहे. आणि तरी तो ती गाभण आहे असे समजतो. दोन्ही विधाने त्याच्याकडे आहेत, पण त्याने ती एकत्र आणून पाहिलेली नाहीत. दोन विधाने डोक्यात असणे वेगळे आणि ती एका दृष्टीत आणणे वेगळे. निष्कर्ष दुसऱ्यातून निघतो.

हीच गोष्ट भारतीय न्यायदर्शनाच्या विचारवंतांनी, म्हणजे नैयायिकांनी, आणखी स्पष्ट केली, आणि तिला स्वतंत्र नाव दिले: परामर्श. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती तुम्हाला माहीत आहे. पर्वतावर धूर दिसतो, हे पक्षधर्मतेचे ज्ञानही आहे. पण एवढ्याने अनुमिती होत नाही. ज्या धुराची अग्नीशी व्याप्ती आहे तोच धूर या पर्वतावर आहे, असे एक जोडज्ञान व्हावे लागते. ते झाले की मग 'पर्वत अग्नियुक्त आहे' हे ज्ञान जन्मते. नैयायिकांसाठी अनुमान हा वाक्यांचा खेळ नव्हता, ज्ञान कसे निर्माण होते त्याचा तो हिशेब होता. म्हणून ते प्रत्येक पायरीला 'हे कोणाला, कशामुळे कळले' असे विचारतात. परार्थानुमानातले पाच अवयव, म्हणजे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन, तुम्ही धडाधड म्हणून दाखवता. उपनय तिथे कशाला आहे, हे विचारले की सगळे खिडकीबाहेर बघता. उपनय ऐकणाऱ्याच्या मनात हा परामर्श घडवण्यासाठी आहे. तो वगळला तर ऐकणारा खेचर पाहणाऱ्या त्या माणसासारखा दोन सुटी वाक्ये घेऊन बसतो.

हेच शास्त्र मुलांना सहज शिकता यावे म्हणून सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांनी 'तर्कसंग्रह' लिहिला. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी त्यावर टिपा लिहिल्या, महादेव राजाराम बोडस यांनी प्रस्तावना आणि इंग्रजी भाषांतर जोडले, आणि 1897 मध्ये मुंबई संस्कृत मालिकेत तो छापून निघाला. भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारून वाढवला, तो 1928 साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढला. या माणसांनी तुमच्यासाठी डोळे फोडून घेतले. आपल्या ग्रंथालयात दोन्ही पुस्तके आहेत, आणि त्यांच्या मागच्या कार्डावर तुमच्यापैकी एकाचेही नाव नाही. 'हे सगळे आपल्याकडे आधीच होते' अशी वाक्ये मात्र निबंधात भरपूर आहेत. न वाचलेल्या ग्रंथाचा अभिमान बाळगायला काहीच लागत नाही, म्हणून तो माझ्यापुढे मांडू नका.

आता त्यांच्याकडे वळते ज्यांनी तिसरा प्रश्न बरोबर सोडवला. तुम्ही सुटलात असे समजू नका. पाचव्या प्रश्नात तुम्हीही पडलात. वैध सिलॉजिझममधून नेहमी ज्ञान मिळते का, असे मी विचारले होते. सर्वांनी 'होय'. सिलॉजिझमच्या 256 रचना होतात, त्यांतल्या परंपरेने 24 वैध, आणि वर्ग रिकामा असू शकतो हे धरले तर 15, हा तपशील तुम्ही बिनचूक दिलात. प्रश्नाचे उत्तर चुकवलेत.

ॲरिस्टॉटलनेच 'पोस्टेरिअर ॲनॅलिटिक्स'मध्ये दिलेली जोडी घ्या. जे लुकलुकत नाही ते जवळ असते; ग्रह लुकलुकत नाहीत; म्हणून ग्रह जवळ आहेत. आता उलट: जे जवळ असते ते लुकलुकत नाही, ग्रह जवळ आहेत, म्हणून ग्रह लुकलुकत नाहीत. दोन्ही बार्बारा. रचनेत तसूभरही फरक नाही. पण पहिल्यातून तुम्हाला फक्त 'असे आहे' एवढे कळते, दुसऱ्यातून 'असे का आहे' ते कळते. कारण ग्रह न लुकलुकल्यामुळे जवळ येत नाहीत. ते जवळ आहेत, आकाशात बिंदूऐवजी बारीक तबकडीसारखे असतात, म्हणून वातावरणाच्या हालचालीने त्यांचा प्रकाश ताऱ्याइतका थरथरत नाही. ॲरिस्टॉटलच्या मते शास्त्रीय ज्ञान दुसऱ्या प्रकारचे. वर्तुळे काढून हा फरक दिसत नाही. त्यासाठी आकाशाकडे बघावे लागते, कारण शोधावे लागते. बँकेच्या परीक्षेत तीस सेकंदांत 'सर्व', 'काही' पाहून पर्याय निवडायचा असतो, मान्य आहे. तो सराव करा, नोकरी मिळवा. पण ते करताना आपण ज्ञान मिळवतो आहोत अशी समजूत करून घेऊ नका.

व्याप्तीकडेही तुम्ही असेच डोळे झाकून जाता. 'जिथे धूर तिथे अग्नी' पाठ केले, आणि पुढे दोघांनी लिहिले, 'जिथे अग्नी तिथे धूर'. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या: अग्नी आहे, धूर कुठे आहे? धूर येतो तो सरपण ओले असल्यामुळे. ही अट, ही उपाधी, नैयायिकांनी नेमकी दाखवून दिली आहे. म्हणून एखादे सर्वसाधारण विधान हाती आले की आधी विचारायचे: यात कोणती ओली लाकडे लपली आहेत? 'अमक्या समाजाची माणसे अशीच असतात', 'गरीब मुले अभ्यास करत नाहीत' ही तुमच्या तोंडची व्याप्तिवाक्ये आहेत. त्यांतली उपाधी शोधण्याचे कष्ट तुमच्यापैकी कोणी घेतले आहेत?

आणि निष्कर्ष खरा निघाला म्हणजे ज्ञान झाले, हेही डोक्यातून काढा. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने 'खण्डनखण्डखाद्य' या ग्रंथात मुठीतल्या कवड्यांचे उदाहरण दिले: एकाने मूठ मिटली, दुसऱ्याने अंदाजाने आकडा सांगितला आणि तो बरोबर आला. त्याला आकडा माहीत होता का? 1963 साली एडमंड गेटिए यांनी तीन पानांच्या लेखात हीच शंका आणखी धारदार केली: विश्वास खरा आहे, त्याला आधारही आहे, आणि तरी तो खरा ठरला तो योगायोगाने. ज्ञानाची जुनी व्याख्या त्या तीन पानांनी हलवली. तुमच्यापैकी काहींची उत्तरे मुठीतल्या कवड्यांसारखी बरोबर आली आहेत, कारण शेजारचा पेपर दिसत होता. त्या उत्तरांना मी शून्य दिले आहे, आणि पुनर्तपासणीतही ते शून्यच राहील.

शेवटची गोष्ट, आणि ती सर्वांत अवघड. 1983 साली इव्हान्स, बार्स्टन आणि पोलार्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांपुढे सिलॉजिझम ठेवले. काही वैध, काही अवैध. काहींचे निष्कर्ष पटण्याजोगे, काहींचे न पटण्याजोगे. अवैध, पण निष्कर्ष पटणारा असेल, तर सुमारे 71 टक्के वेळा लोकांनी तो स्वीकारला. अवैध आणि निष्कर्षही न पटणारा, तर फक्त 10 टक्के वेळा. चूक दोन्हीकडे तीच होती. ती दिसली फक्त तिथे, जिथे निष्कर्ष आवडला नाही. हेच तुम्हीही करता, आणि तुम्हाला ते दिसत नाही. गेल्या आठवड्यात वादसभेत तुम्ही विरुद्ध बाजूच्या मुलीचा अव्याप्त मध्यपदाचा दोष एका क्षणात पकडलात, टाळ्या घेतल्यात. पाच मिनिटांनी तुमच्या बाजूच्या वक्त्याने अगदी तोच दोष केला आणि तुम्ही बाके वाजवलीत. म्हणजे दोष ओळखण्याची बुद्धी तुमच्यात आहे. ती तुम्ही फक्त दुसऱ्यावर चालवता. या वर्गात ती आधी स्वतःवर चालवायला शिकायचे आहे, आणि ते जमले नाही तर बार्बारा, कॅमेस्ट्रेस आणि परामर्श ही सगळी नावे तुम्ही फुकट पाठ केलीत.

सोमवारी प्रत्येकाने स्वतःचे एक मत लिहून आणायचे, ज्यावर तुमचा पक्का विश्वास आहे असे. त्याखाली त्याचा हेतू. हेतूखाली व्याप्ती, आणि व्याप्तीखाली तुम्हाला सापडलेली उपाधी. मग खाली प्रामाणिकपणे लिहायचे की ते तुम्हाला माहीत आहे, की फक्त वाटते, की ते खोटे असल्याचे अजून कोणी सांगितलेले नाही. दुसऱ्याचे मत उतरवून आणू नका. मला लगेच कळेल. ज्याला स्वतःच्या मताचा हेतू सापडणार नाही, त्याने तसेच लिहून आणावे, त्याला मी पूर्ण गुण देईन. कोरा कागद मात्र मी घेणार नाही.